अडथळा छातीत नव्हे, गळ्यात

दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. दमा असलेल्या बहुतेकांना त्याचा फरक लगेच जाणवतो. काहींची धाप मात्र पुन्हा पुन्हा पंप मारूनही तशीच राहते. मग डोस वाढतो, पंपातून स्टिरॉइड सुरू होतं, तेही पुरेना म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या येतात. चेहरा सुजतो, रक्तातली साखर चढते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. श्वास अडायचा तो अडतोच. इथवर वेळ आली, की आणखी जोरकस औषध शोधण्याआधी निदानच पुन्हा तपासायला हवं.

अमेरिकेत डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूइश रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तेच केलं. त्यांच्याकडे असे पाच रुग्ण होते, ज्यांचा ‘दमा’ कशालाच दाद देत नव्हता. अटॅक चालू असतानाच डॉक्टरांनी दुर्बिणीतून त्यांच्या स्वरयंत्रात पाहिलं. एरवी आपण श्वास आत घेतो तेव्हा स्वरतंतू बाजूला होतात आणि हवेला मोकळी वाट मिळते. या रुग्णांमध्ये ते श्वास घेतानाही एकमेकांजवळ आलेले होते. मागच्या बाजूला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक फट उरली होती आणि सगळी हवा तेवढ्यातूनच ये-जा करत होती. वाचा-उपचार आणि मानसोपचार सुरू केल्यावर पाचही जणांना चांगलाच उतार पडला. हा अनुभव १९८३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘व्होकल कॉर्ड डिसफंक्शन’ हे नाव रूढ झालं.

स्वरयंत्र म्हटलं की आपल्याला आवाज आठवतो. पण त्याचं मूळ काम राखणदारीचं. घास, पाणी किंवा धूर श्वासनलिकेकडे वळला, की ते क्षणात मिटतं. या आजारात हेच रक्षण अतिसंवेदनशील होतं. उग्र अत्तर, फोडणीचा ठसका, पोटातून वर येणारं आम्ल, नाकातून घशात उतरणारा शेंबूड, जोराची धावपळ, मनावरचा ताण, यांतलं काहीही निमित्त पुरतं.

दम्यात मुख्य अडचण श्वास सोडताना होते आणि शिट्टीसारखी घरघर छातीत ऐकू येते. इथे उलट आहे. श्वास आत घेणं जड जातं, आवाज गळ्याशी असतो आणि कुठे अडतंय असं विचारलं तर रुग्णाचा हात छातीकडे न जाता घशाकडे जातो. अटॅक अचानक येतो, तसाच ओसरतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर बहुतेक वेळा व्यवस्थित आकडा दाखवतो.

हा शेवटचा मुद्दा रुग्णांना फार महागात पडला आहे. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटक, असा निष्कर्ष सहज निघतो. १९७४ च्या एका शोधनिबंधात तर या त्रासाला खोट्या आजारपणाशी जोडलेलं ‘मुनखाउझेन’ हे नाव चिकटवलं गेलं होतं. स्वरतंतू खरोखर मिटत असतात आणि गुदमरणंही खरं असतं. त्या माणसाला ढोंगी ठरवणं हा अन्यायच आहे.

अडचण अशी, की अटॅक ओसरल्यावर दुर्बिणीतून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. व्यायामाने उद्भवणाऱ्या त्रासासाठी नॉर्वेतल्या बर्गनच्या संशोधकांनी यावर तोड काढली. नाकातून घातलेली लवचीक दुर्बीण डोक्यावरच्या पट्ट्याला पक्की बांधायची आणि रुग्णाला ट्रेडमिलवर दम लागेपर्यंत पळवायचं. स्वरयंत्र कोणत्या क्षणी मिटू लागतं, ते पडद्यावर दिसतं. ही चाचणी त्यांनी २००६ मध्ये मांडली. खेळाडू मुलामुलींना तिचा मोठा उपयोग आहे. त्यांचा घसा ऐन धावताना आवळतो आणि थांबल्यावर थोड्या वेळात मोकळा होतो; व्यायामाचा दमा बऱ्याचदा थांबल्यानंतर काही मिनिटांनी जोर धरतो.

उपचारांचा गाभा म्हणजे श्वासाचं शिक्षण. नाकाने फुलाचा वास घेतल्यासारखा छोटा श्वास हुंगायचा. हुंगताना स्वरतंतू आपसूक उघडतात. मग ओठांचा चंबू करून हवा सावकाश सोडायची. खांदे सैल, पोट हलतं ठेवायचं. वाचा-उपचार तज्ज्ञ हे बरं वाटत असतानाच घोटून घेतात, कारण जीव घाबरा झाल्यावर नवं काही सुचत नाही. त्याच जोडीने आम्लपित्त आणि नाकाच्या तक्रारीही आवरायच्या.

पंपाला दाद न देणारी प्रत्येक धाप घशातलीच असते, असंही नाही. लहान मुलाच्या एकाच बाजूला घरघर असेल तर श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेला असू शकतो आणि तो एक्स-रेत दिसत नाही. कबुतरांच्या पिसांतल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांमुळे काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये झालेल्या वादात हाच मुद्दा होता. हृदय थकलं तरी धाप लागते.

म्हणून तपासणीला जाताना अटॅकचा मोबाइलवर आवाजासह काढलेला व्हिडिओ सोबत न्यावा आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाचा वेग मोजणारी चाचणी, झाली नसेल तर तिच्याबद्दल विचारावं. तिच्या आलेखात श्वास घेतानाची कमान सपाट दिसली तर संशय गळ्याकडे वळतो. मात्र अनेकांना दमा आणि हा विकार दोन्ही असतात. त्यामुळे पंप मनानेच बंद करू नये आणि बरेच दिवस चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या तर एकदम मुळीच सोडू नयेत. त्या काळात शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं, ते पूर्ववत होण्यासाठी गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.