कंदिलाची सातासमुद्रापारची वखार

आकाशकंदील हातात घेतला तर जेमतेम पाऊण किलो भरतो. पण बोरिवलीहून न्यू जर्सीला कुरिअरने पाठवायचा म्हटलं की काट्यावरचं वजन मागे पडतं आणि खोका मोजला जातो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. चाळीस-चाळीस-चाळीसचा खोका १२.८ किलोंचा होतो. कागद आणि कामट्या नावाला. आपण सहारहून विमानाने हवा पाठवतो आणि तिचं भाडं भरतो.

परदेशातल्या गोदामाचा विचार इथून सुरू होतो. असे पाचशे कंदील एकदम न्हावाशेव्याहून बोटीने पाठवले, तिकडे एका गोदामात उतरवले आणि ऑर्डर येईल तसे तिथूनच दिले, तर? भाडं कितीतरी खाली येतं, गिऱ्हाइकाला दोन-चार दिवसांत वस्तू मिळते, परत आलेला खोका मुंबईला आणावा लागत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, वखार. शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यावर ये-जा करत. जहाज बंदरात लागल्यावर खरेदीला निघालं तर भाव चढलेले असत, म्हणून इंग्रजांनी सुरतेला आणि राजापूरला माल आधी घेऊन साठवला. पुढे राजापूरच्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली. परमुलखात माल ठेवणाऱ्याला तिथलं राजकारण टाळता येत नाही, ही गोष्ट जुनीच. २०२५ मध्ये तिचा प्रत्यय उलट्या दिशेने आला. त्याकडे पुढे येतो.

मुळात प्रत्येक मालाला वखार लागत नाही. अंधेरीचंच बघा. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झालेलं सीप्झ आज हिरे-दागिन्यांसाठी ओळखलं जातं. मुठीएवढ्या डबीत लाखोंचा ऐवज. तो विमानाने जातो, परक्या गोदामात पडून राहण्यात त्याचा काहीच फायदा नाही. मुलुंडच्या स्वयंपाकघरातल्या चकलीचं कारण वेगळं. तिचं आयुष्य थोडं, त्यातला महिना बोटीवर गेला तर उरतं काय? कपड्यांतही फसगत आहे: एका कुर्त्याची पाच मापं आणि चार रंग म्हणजे वीस वेगळे साठे, आणि शेवटी शिल्लक राहतं ते नेमकं कोणाला नको असलेलं माप. गोदामाला मानवतात त्या बारमाही, न बिघडणाऱ्या, एकाच मापाच्या वस्तू. स्टीलचे डबे, पितळी समया, चादरी.

गोदाम निवडताना बहुतेक जण भाड्याचा दर आधी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: तिकडच्या कस्टमच्या कागदावर आयातदार म्हणून नाव कोणाचं? अ‍ॅमेझॉनची भारतीय विक्रेत्यांसाठीची ग्लोबल सेलिंग योजना २०१५ पासून आहे. तिच्या गोदामात माल ठेवता येतो, पण कंपनी स्वतः आयातदार होत नाही. ती जबाबदारी, ड्युटी आणि बाँड विक्रेत्यानेच सांभाळायचे. ब्रिटनमध्ये साठा ठेवला तर बाहेरच्या विक्रेत्याला पहिल्या विक्रीपासूनच व्हॅट नोंदणी लागते, उलाढालीची सवलत नाही. युरोपीय संघात ज्या देशात माल ठेवाल तिथली नोंदणी, शिवाय १३ डिसेंबर २०२४ पासून बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी तिथला एक जबाबदार प्रतिनिधी.

त्यानंतर भाडं. अ‍ॅमेझॉनसारख्या विक्री-मंचाच्या गोदामात ऑक्टोबर ते डिसेंबर दर चढतात आणि जुन्या साठ्यावर जादा आकार बसतो. स्वतंत्र गोदामवाल्याकडचा माल कुठल्याही मंचावर विकता येतो, पण उतरवणं, मोजणं, उचलणं, लेबल लावणं, परत आलेला खोका उघडून बघणं, प्रत्येकाचे पैसे वेगळे. दरपत्रकात तळाशी एक ओळ असते, न खपलेला माल नष्ट करण्याचा आकार. ती आधी वाचावी.

इकडची बाजूही सोपी नाही. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड, बँकेचा एडी कोड आणि शिपिंग बिल तर लागतंच. शिवाय परदेशात गोदाम भाड्याने घ्यायला बँकेची परवानगी हवी. रिझर्व्ह बँकेच्या आजवरच्या निर्देशांत त्यासाठी आधीच्या वर्षी किमान एक लाख डॉलरची निर्यात झालेली असावी अशी अट आहे. घाटकोपरच्या नवख्या विक्रेत्याने ती कशी पुरी करायची? मोठा झाल्याशिवाय गोदाम नाही आणि गोदामाशिवाय मोठं होणं अवघड, असा हा पेच. एक दिलासा मात्र आहे. परदेशी गोदामात ठेवलेल्या मालाचे पैसे देशात आणायला १५ महिन्यांची मुदत आधीपासूनच होती; बाकीच्या निर्यातीची मुदतही नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ महिन्यांवरून १५ महिने झाली. दुबईच्या जेबेल अलीत २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या भारत मार्ट या भारतीय मालाच्या गोदाम-बाजाराकडेही लहान निर्यातदार डोळे लावून आहेत.

आता ते राजकारण. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीविना जात असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या देशांसाठी संपली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. दिवाळी तोंडावर आली होती. ज्यांचा माल आधीच तिकडच्या गोदामात होता, ते निवांत विकत राहिले. सवलत होती तोवर सुटं पार्सल ड्युटीमुक्त आणि घाऊक माल ड्युटीसह, म्हणून गोदाम महाग वाटे. तो हिशेबही बदलला.

तरी कंदिलाबाबत माझं मत सावधच आहे. दिवाळी सरली की उरलेला कंदील वर्षभर भाडं खातो. गोदाम घेण्याआधी करून बघण्यासारखी युक्ती म्हणजे घडीचा कंदील. सपाट घडी चाळीस-चाळीस-दोनच्या पाकिटात बसली तर मापाचं वजन १२.८ किलोंवरून ०.६४ किलोवर येतं, म्हणजे काट्यावरच्या पाऊण किलोचंच भाडं पडतं, आणि गोदामाचा प्रश्नच उरत नाही.

घडी होत नसेल तर मात्र पंचांग उघडून बसावं. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बोटीला महिनाभर, तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा पडला तर आणखी दहा-बारा दिवस, मग कस्टम, मग गोदामात नोंद. म्हणजे कंदिलाचा कंटेनर न्हावाशेव्याहून श्रावणाच्या आधी सुटायला हवा.