मलमाच्या डबीत काय आहे?

इसब झालेल्या मुलाच्या घरात रात्र फार लांबते. मूल झोपेतही खाजवीत राहते, चादरीवर रक्ताचे ठिपके उमटतात आणि आईवडील आळीपाळीने जागतात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलमात स्टेरॉईड आहे, हे कळताच अनेकांचा जीव धास्तावतो. मग कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, आजीने सुचविलेले खोबरेल, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि कुणा परिचिताने आणून दिलेली ‘निव्वळ वनस्पतीजन्य’ मलमाची डबी, असा क्रम सुरू होतो. अशा पालकांना अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. भीतीमागे माया असते.

या बाबतीत इंग्लंडमधील अनुभव बोलका आहे. लंडनमधील तज्ज्ञांनी त्वचाविकारांसाठी दिली जाणारी ११ चिनी वनौषधी मलमे तपासली. त्यांपैकी ८ मलमांत डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉईड आढळल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात १९ बालरुग्णांच्या पालकांकडून अशीच २४ मलमे गोळा करण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार २० मलमांत स्टेरॉईड निघाले. कित्येकांत तर क्लोबेटासोल, म्हणजे या वर्गातील अतितीव्र औषध! बहुतेक पालकांनी मलमाचा उत्तम गुण आल्याचे सांगितले होते. गुण येणारच होता. ज्याच्या धास्तीने त्यांनी दवाखान्याकडे पाठ फिरविली, तेच औषध ते नकळत, मात्रा ठाऊक नसताना, बाळाच्या गालांवर चोळीत होते.

डॉक्टर सौम्य स्टेरॉईड ठरावीक दिवसांपुरते देतात व त्यावर लक्ष ठेवतात. तीव्र औषध महिनोन्‌महिने लावल्यास मात्र त्वचा पातळ होते. वजनाच्या मानाने बालकाच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असल्याने औषध शरीरातही अधिक भिनते; त्यामुळे अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावू शकते, वाढही खुंटू शकते.

घरगुती उपाय सरसकट त्याज्य नाहीत. सौम्य व मध्यम इसब असलेल्या मुलांवर फिलिपिन्समध्ये झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल हे खनिज तेलापेक्षा सरस ठरले. आजीबाईंना हे ऐकून नवल वाटणार नाही. मोहरीचे तेल मात्र नाजूक त्वचेला झोंबू शकते. त्वचा सतत स्निग्ध ठेवणे हा उपचाराचा पायाच आहे.

घटकांची नावे नसलेली डबी घरात असेल, तर ती बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावी. दीर्घकाळ लावलेले असे मलम परस्पर एकाएकी थांबविल्यास इसब पूर्वीपेक्षा जोराने उफाळू शकतो.