संगणकाचा वेग वाढवायचा, पण किती?

आठवी-नववीतली मुले हल्ली घरी एक शब्द घेऊन येतात: ओव्हरक्लॉकिंग. बायोसमध्ये जाऊन दोन आकडे बदलले की जुना संगणक नव्यासारखा पळतो, असे त्यांनी व्हिडिओत पाहिलेले असते. अब्बांना वाटते, पोरगा मशीन जाळणार. पोराला वाटते, घरात कोणाला काही समजत नाही. अशा घरांसाठी आम्ही हे लिहीत आहोत, कारण हे काम जमण्यासारखे आहे आणि बिघडण्यासारखेही आहे.

आधी प्रोसेसरचा वेग म्हणजे काय ते पाहू. ३.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३४० कोटी ठोके. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला ३४ ने गुणतो. ३४ चे ४० केले की वेग ४ गिगाहर्ट्झ होतो. मात्र दोन ठोक्यांमधला वेळ कमी झाला की त्या कमी वेळात आतले कोट्यवधी स्विच उघडून-मिटून झाले पाहिजेत. त्यासाठी त्यांना जास्त व्होल्टेज लागते, आणि व्होल्टेज वाढले की उष्णता वाढते. बाकी सगळे या तीन गोष्टींच्या ओढाताणीतून येते.

मग कारखाना वेग कमी का ठेवतो? एकाच घाण्यातून निघालेल्या चिप्स सारख्या नसतात. सगळ्यात कमजोर चिपही उन्हाळ्यात, स्वस्त पंख्यावर वर्षानुवर्षे चालावी म्हणून थोडी जागा राखून आकडा छापतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए यामुळेच गाजला. त्याचा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा, म्हणजे कितीतरी महागड्या पेन्शियम टू इतका. तो जमाना आता गेला. आजचे नवे प्रोसेसर राखीव जागेतला बहुतेक वेग स्वतःच वापरून टाकतात. हाताने मिळवण्यासारखे काही उरते ते जुन्या प्रोसेसरांत, आणि आपल्याकडे सेकंडहँड घेतलेले संगणक जास्त करून त्याच पिढीतले असतात.

उदाहरणाला एएमडीचा रायझन ५ २६०० घेऊ. २०१८ चा, ६ कोअरचा. मूळ वेग ३.४, आणि एखाद्या कोअरवर काम असेल तर ३.९ पर्यंत स्वतःहून जाणारा. रायझनचे प्रोसेसर खुले असतात, पण मदरबोर्डही तसा लागतो: बी४५० चालतो, ए३२० चालत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ने सुरू होणारा बोर्ड, अशी जोडी हवी. ती नसेल तर विषय तिथेच संपतो.

आणखी एक. संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील तर दोष प्रोसेसरचा नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि धूळ साफ करा. त्याने जो फरक पडेल तो ओव्हरक्लॉकिंगने कधीच पडणार नाही. गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा जड सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनीच पुढे वाचावे.

हात लावण्यापूर्वी घरात विचारावे. घरातला संगणक एकट्या मुलाचा नसतो. आपाचे स्कॉलरशिपचे अर्ज त्यात असतात, अम्मीच्या शिवणकामाचा हिशेब असतो, दादाजानचे फोटो असतात. ही सगळी अमानत आहे. सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. आधी उंट बांधा, मग तवक्कुल करा, हे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते; इथे उंट म्हणजे तो बॅकअप.

कारण धोका जळण्याचा कमी आणि वेगळाच जास्त आहे. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की स्वतःच वेग कमी करतो, फारच झाले तर बंद पडतो. खरा घात अर्धवट स्थिर मशीन करते. ते सुरू होते, विंडोज उघडते, गेमही चालतो, आणि आत लाखातून एखादी बेरीज चुकते. ती चूक एखाद्या फाइलमध्ये लिहिली जाते. महिन्याभराने फोटो उघडत नाही, किंवा अपडेट होताना विंडोजच मोडते, आणि तोवर ओव्हरक्लॉकिंग केल्याचे कोणाच्या लक्षातही नसते. ‘सुरू झाले म्हणजे जमले’ हे वाक्य आम्ही मुलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आता पहिला प्रश्न तोच विचारतो: तपासले किती तास?

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी काहीच बदलायचे नाही. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घालून तापमान, व्होल्टेज आणि वेग पाहायचे, सिनेबेंच चालवून गुण मिळतील ते वहीत लिहायचे. २६०० सोबत आलेला छोटा पंखा या कामाला पुरत नाही. साधारण दोन हजारांत उभा टॉवर कूलर येतो, तो बसवावा. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, वाटाण्याएवढी पुरते. एसएमपीएस नाव नसलेला, कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर तो बदलल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ देणार नाही. प्रोसेसरशेजारी बोर्डवर जे छोटे चौकोनी ठोकळे असतात, ते त्याला वीज पुरवतात. त्यांच्यावर धातूचा हीटसिंक नसेल तर तो बोर्ड या कामाचा नाही.

मग बायोस. व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवून गुणक वाढवणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण बोर्ड घाबरून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो. आकडा हाताने घालावा. सुरुवात १.२५ व्होल्ट आणि गुणक ३८. विंडोज उघडले, सिनेबेंच दहा मिनिटे चालला, की ३८.२५, मग ३८.५. हा प्रोसेसर पाव पाव पावले घेऊ देतो, त्याचा फायदा घ्यावा. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि तो वहीत लिहायचा. कुठेतरी निळा पडदा येईल किंवा मशीन गोठेल. तिथे व्होल्टेज ०.०२५ ने वाढवून पाहावे. २६०० ला १.३५ व्होल्टच्या वर नेऊ नये, असे आमचे मत. यात एक मेख आहे. गुणक हाताने घातला की ३.९ वर स्वतःहून जाण्याची त्याची सोय बंद होते. म्हणजे ३.८ वर थांबलात तर काही कामांत मशीन पूर्वीपेक्षा हळू चालेल! निदान ३.९, जमल्यास ४.०. तिथे पोहोचत नसेल तर सारे मूळ ठिकाणी ठेवलेले बरे.

आणि ४.० च्या पुढे? इथे मुले हट्टाला पेटतात. त्यांना वहीवर हिशेब मांडायला सांगावा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, १.२ व्होल्टवर ३.७ गिगाहर्ट्झ चालते आणि ४.१ साठी १.४ व्होल्ट लागतात. १.२ चा वर्ग १.४४, १.४ चा १.९६. वेग वाढला ११ टक्के, उष्णता वाढली जवळपास ५० टक्के. त्या ११ टक्क्यांतलाही शेवटचा छोटा तुकडाच सर्वांत महाग असतो. वीज जळते, चिपचे आयुष्य घटते, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. याला आपल्या भाषेत इस्राफ म्हणतात.

जास्त व्होल्टेजने काय होते हे २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर, तेही कोणी हात न लावलेले, अचानक बंद पडू लागले. चिपच्या आतल्या सूचनाच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या, हे कंपनीने कबूल केले, दुरुस्ती पाठवली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या चिप्सची झीज झाली होती त्या दुरुस्तीने पूर्ववत झाल्या नाहीत. आणि आपण हाताने केलेल्या बदलातून बिघाड झाला तर एएमडीची वॉरंटी तो धरत नाही.

अंतिम आकडा ठरला की सब्राची पाळी येते. प्राइम ९५ नावाचे सॉफ्टवेअर ज्यांची उत्तरे पडताळता येतात अशी गणिते तासन् तास सोडवत राहते आणि एक जरी उत्तर चुकले तरी सांगते. त्याची ‘स्मॉल’ चाचणी एक तास, ती उष्णतेसाठी. ‘ब्लेंड’ निदान सहा तास, त्यात रॅमही तपासली जाते. नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची नोंद दिसली तर चाचणी पार झाली असली तरी नापास समजावे आणि गुणक अर्ध्याने उतरवावा. रॅमचा वेगही वाढवला असेल तर मेमटेस्ट ८६ रात्रभर चालू द्यावे.

तापमानाचा आकडा व्हिडिओतला घेऊ नये. २६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. आम्ही ८० ला थांबतो. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ६८ दाखवत असेल, तर मे महिन्यात जळगाव किंवा परभणीच्या ४० अंशांच्या खोलीत तोच ८८ दाखवेल. म्हणून हिवाळ्यात जमवलेले मशीन उन्हाळ्यात पुन्हा तपासावे. मे महिन्यापुरते ३.९ वर आणले तर कोणाची इज्जत जात नाही.

मशीन सुरूच झाले नाही तर घाबरू नये. वीज काढून बोर्डवरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटे बाहेर ठेवला की बायोस मूळ आकड्यांवर येते.

आणि ती वही जपून ठेवावी. पुढे हा संगणक विकायचा झाला तर घेणाऱ्याला ती दाखवावी: इतकी वर्षे, इतक्या व्होल्टवर, इतक्या वेगाने चालवला आहे. ऐब लपवून माल विकणे आपल्याला जायज नाही, आणि ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर वरून पाहून ओळखता येत नाही. दोन-चारशे रुपये कमी मिळतील, तेवढे सोडावेत.