मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर, मग विमान आठ तासांत का पोहोचत नाही?

मुलगी लंडनला आणि आई-बाबा पहिल्यांदाच निघालेले. मोबाईलवर मुंबई-लंडन अंतर शोधलं की दिसतं साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला, तर आठ तास. तिकिटावर मात्र साडेनऊ-दहा तास असतात. माझ्या मावशीने हाच आठ तासांचा हिशेब करून लंडनहून पुढची बस बुक केली होती. बस अर्थातच निघून गेली.

नेमकं चुकतं कुठे?

पहिली गोष्ट, हे ७,२०० किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराकवरून जाते. गोलावरचा खरा जवळचा मार्ग त्याच्या बराच उत्तरेला, जॉर्जिया-आर्मेनियाच्या बाजूने जातो. (शंका असेल तर घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा.)

पण तो दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो, तेही बघा. पाकिस्तान, इराण, पुढे युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली आणि नंतर ही मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै हेच झालं होतं. अशा वेळी भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घेतं, ब्रिटिश कंपनीवर मात्र ती बंदी नसते. म्हणजे शहरं तीच, पण कंपनी बदलली की मार्ग आणि वेळही बदलू शकते. इराण-इराकच्या भागात तणाव वाढला की आणखी वळसा.

दुसरं कारण वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोर असेल तर ९०० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ८०० होतो आणि त्याच अंतराला नऊ तास लागतात. परतताना हाच वारा पाठीशी असतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यामुळे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं!

शिवाय तिकिटावरची वेळ ही गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि रांग लागते. हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं नेहमीचंच.

आता घड्याळाची गंमत. रात्री २ ला मुंबईहून निघून तिथल्या सकाळी ६.३० ला उतरलात, तर हिवाळ्यात तो प्रवास दहा तासांचा असतो, उन्हाळ्यात नऊ. कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. भारताशी फरक कधी साडेपाच तासांचा, कधी साडेचार.

पुढचं विमान किंवा बस वेगळ्या तिकिटावर असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही. शक्यतो पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर करा. ते जमत नसेल तर मधे किमान चार तास ठेवा, इमिग्रेशनची रांग त्यातच धरा. मावशी यंदा पुन्हा जातेय, यावेळी पाच तास ठेवलेत.