सासर डॉनचं असेल तर? ‘मिकी ब्लू आइज’, ‘वेलकम’ आणि मध्ये लपलेला ‘परिंदा’

इयरफोन लावून ऐकणाऱ्यांनी हा एपिसोड ऐकलाच असेल. लोकलच्या गर्दीत ज्यांना फक्त वाचायला जमतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेलं थोडं विषयांतर मी तसंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

तर ‘वेलकम’. मजनूभाईचं ते घोड्यावर गाढव उभं असलेलं पेंटिंग आणि उदय शेट्टीचा तो कंट्रोलवाला मीम आपल्या प्रत्येक ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येतोच. पण सिनेमाचा सांगाडा कुठला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९९९ साली ‘मिकी ब्लू आइज’ नावाची एक रोमँटिक कॉमेडी आली होती. दिग्दर्शक केली मॅकिन, हीरो ह्यू ग्रँट. हा हीरो, मायकल, न्यूयॉर्कमध्ये चित्रांचे लिलाव करणारा एकदम सभ्य इंग्रज. त्याचं जीना नावाच्या शिक्षिकेवर प्रेम आहे. तो लग्नाचं विचारतो आणि ती चक्क नाही म्हणून निघून जाते. कारण? तिचे वडील माफियात आहेत. आता आठवा, ‘वेलकम’मध्ये अक्षय कुमारचा राजीवसुद्धा लिलावच करतो. योगायोग म्हणायला माझी काही हरकत नाही, पण कोड कॉपी केल्यावर व्हेरिएबलची नावं तेवढी बदलायची, हा प्रकार मी ऑफिसात रोज बघतो.

हीरो लिलाववालाच का घेतला, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा तुमच्याकडे खंडणीची पोतंभर रोकड आहे. बँकेत टाकली तर प्रश्न येणार, ही आली कुठून? मग तुमच्या पोराने काढलेलं एक भयाण चित्र तुम्ही लिलावात ठेवता. तुमचाच माणूस गर्दीत बसून बोली वाढवतो आणि तुमच्याच पैशाने ते चित्र विकत घेतो. कमिशन कापून उरलेले पैसे तुम्हाला परत मिळतात, सोबत नामांकित संस्थेची पावती. आता कोणी विचारलं तर सांगायचं, पोरगा कलाकार आहे! बटाट्याचा भाव साधारण सगळ्यांना माहीत असतो. चित्राचा ‘खरा’ भाव काय, हे कोण सांगणार? त्यामुळे ही युक्ती चालते. ‘मिकी ब्लू आइज’मध्ये व्हीटोकाकाच्या मुलाची चित्रं याच वाटेने जातात. ‘वेलकम’ने चित्र ठेवलं, लिलाव ठेवला, फक्त मागचं गणित काढून टाकलं. मजनूला खरंच आर्टिस्ट व्हायचं असतं, बस्स. विनोद वाढला, पण जो भाग टोचायला हवा होता तो गेला.

जीनाचा नकार मला या सगळ्या प्रकारातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. वडील मायकलला गोळी घालतील ही तिची मुख्य भीती नाहीच. ते त्याच्यावर उपकार करतील, ही भीती आहे. आणि होतंही तसंच. त्याची कामावरची एक छोटी अडचण कोणीतरी परस्पर सोडवतं. त्याने मागितलेलं नसतं, पण फायदा झालेला असतो. मग ‘आमचंही एक छोटं काम आहे’ असा निरोप येतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. तुम्ही एक छोटंसं पॅकेज इन्स्टॉल करता आणि त्याच्या पाठोपाठ दोनशे डिपेन्डन्सी न विचारता मशीनवर येऊन बसतात. पॅकेज काढता येतं हो, पण तोवर तुमचा अर्धा कोड त्यांच्यावर उभा असतो.

हिंदीत येताना हा नकार मुलीच्या तोंडून निघून थेट मामांच्या तोंडी गेला. परेश रावलचे डॉक्टर घुंगरू भाच्यासाठी खानदानी स्थळ शोधतायत. दुसरीकडे नाना पाटेकरचा उदय शेट्टी बहिणीसाठी इज्जतदार घर शोधतोय आणि कोणीच तयार होत नाही. घुंगरू आधी फसतात, मग खरं कळल्यावर भाच्याला घेऊन पळ काढतात. म्हणजे तिकडे दोघांच्या प्रेमाची अडचण होती, इकडे ती स्थळाची अडचण झाली. हे मला खरं म्हणजे फार चपखल वाटतं. आपल्याकडे मुलगी बघायला जाताना घर कसं, माणसं कशी, चार ठिकाणी चौकशी कशी करायची, हे सगळं आधीपासून आहेच. ‘वेलकम’ त्याच चौकशीला धरून चालतो आणि म्हणूनच घरातल्या आजीलाही समजतो. फक्त त्यात संजनाला स्वतःला काय वाटतं, हे विचारायला पटकथा विसरते. जीना निदान पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी ठरवते तरी.

आता कास्टिंग, माझा आवडता भाग. जीनाच्या वडिलांच्या भूमिकेत जेम्स कान आहे. ‘द गॉडफादर’मधला (१९७२) तापट सनी तोच. तो नुसता टेबलाशी बसला तरी अमेरिकन प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, मग त्याने ह्यू ग्रँटला गँगस्टरसारखं बोलायला शिकवलं की हसू फुटतं. नानाचंही तसंच. १९८९च्या ‘परिंदा’मधला अण्णा ज्याने पाहिलाय त्याला उदय शेट्टीचं शांत राहण्याचा प्रयत्न करणं दुप्पट हसवतं, कारण शांतता तुटली तर काय होतं ते त्याने आधीच पाहिलेलं असतं. त्या भूमिकेसाठी नानाला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

आणि ‘परिंदा’त शेवटाकडे अण्णा कोणाला मारतो? लग्नाच्या पहिल्या रात्री करण आणि पारोला. करण म्हणजे अनिल कपूर. अठरा वर्षांनी तेच दोघं, नाना आणि अनिल, एकत्र बसून बहिणीच्या लग्नाची काळजी करताना दिसतात. मुद्दाम केलं असेल नसेल, मला ते कळल्यापासून ‘वेलकम’ पूर्वीसारखा बघता येत नाही.

एका श्रोत्याने विचारलं होतं, अशा सिनेमांवर हसणं बरोबर आहे का? मी हसतो. पण दोन सिनेमांमधला एक फरक बघा. ‘मिकी ब्लू आइज’मध्ये झटापटीत गोळी सुटते आणि व्हीटोचा मुलगा खरोखर मरतो. मृतदेह पुरावा लागतो, आणि तिथून पुढे मायकल हा नुसता भोळा जावई उरत नाही. ‘वेलकम’मध्ये फिरोज खानच्या आरडीएक्सचा मुलगा मेला असं सगळ्यांना वाटतं, पण तो जिवंत निघतो. कोणाचंच काही जात नाही. गोष्ट मुंबईतून उचलून दुबईत नेल्यामुळे ज्यांना खंडणीचे फोन येत होते ती माणसंही चौकटीबाहेर राहिली.

आणि ती माणसं सिनेमावाल्यांना अनोळखी नव्हती. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांची गोळ्या घालून हत्या झाली. चित्रपट व्यवसायाला ‘उद्योग’ म्हणून मान्यता देण्याची घोषणा सरकारने केली ती १९९८ साली. त्याआधी निर्मात्याला बँकेचं कर्ज मिळणं जवळपास अशक्य, मग पैसा येईल तिथून घ्यायचा, भरमसाट व्याजाने. काही ठिकाणी तो पैसा नेमका कोणाचा होता हे सगळ्यांना माहीत असायचं. थोडक्यात, न मागितलेले उपकार घेऊन अडकलेला मायकल हा त्या काळच्या मुंबईतला एखादा निर्माताही असू शकला असता. १९९९ साली महाराष्ट्राने मोक्का कायदा केला, तोही याच पार्श्वभूमीवर. त्याच वर्षी अमेरिकेत ‘द सोप्रानोज’ सुरू झाली, ‘अ‍ॅनलाइज धिस’ आला आणि मग आपला ‘मिकी’. तिकडे माफिया विनोदाचा विषय होत होता, इकडे अजून निर्माते पोलीस संरक्षणात फिरत होते. आपल्याकडे तसं हसायला २००७चा डिसेंबर उजाडला. (२१ डिसेंबरला ‘तारे जमीन पर’ आणि ‘वेलकम’ एकाच दिवशी आले होते, काय शुक्रवार असेल तो!)

हाच विषय बाईच्या बाजूने बघायचा असेल तर १९८८चा ‘मॅरीड टू द मॉब’ शोधा. जोनाथन डेमीचा सिनेमा. मिशेल फायफर माफियातल्या माणसाची विधवा आहे आणि तिला या घरातून बाहेर पडायचंय. आत जाण्यापेक्षा बाहेर येणं किती किचकट, ते तिथे दिसतं, आणि हसूही भरपूर येतं.

क्रम विचाराल तर आधी ‘परिंदा’ बघा, मग ‘मिकी ब्लू आइज’, मग ‘वेलकम’. ‘वेलकम’ दहाव्यांदा बघत असाल तरी. लिलावाच्या सीनला कोण बोली लावतंय तिकडे लक्ष ठेवा आणि मला व्हॉइस नोट पाठवा.