शहराला संघ परवडतो का?

आइस हॉकीचा संघ कुठे तगेल हे थंडीवर ठरत असतं, तर विनिपेगचा संघ 1996 साली उठून ॲरिझोनाच्या वाळवंटात, फीनिक्सला गेलाच नसता. कॅनडातल्या या शहरात हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत सहज उतरतो. पण खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये आणि तिकिटांची कमाई कॅनडाच्या पडलेल्या डॉलरमध्ये. हिशोब जुळणार कसा? त्यात स्टेडियमही जुनं.

2011 मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला आणताना आधी 13,000 सीझन तिकिटं, म्हणजे अख्ख्या हंगामाची तिकिटं, खपवून दाखवायची होती. खुली विक्री 17 मिनिटांत आटोपली! पण हंगामात घरचे सामने 41, त्यातले कितीतरी आठवड्याच्या मधल्या वारी. दुसऱ्या दिवशी ऑफिस असताना कोण येतं, ही खरी परीक्षा. 2021 च्या जनगणनेत जेमतेम साडेसात लाखांचं शहर. 2023 पर्यंत सीझन तिकिटं साडेनऊ हजारांच्या आसपास घसरली. तरी संघ टिकून आहे, कारण स्टेडियम संघमालकांचंच. गाण्याच्या कार्यक्रमांचं उत्पन्नही त्यांच्याच खिशात जातं. फीनिक्सचा संघ मात्र शेवटी विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजार खुर्च्यांच्या रिंकवर खेळत होता. 2024 मध्ये त्याचे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला हलवले गेले.