शुद्धीतला दर्द

कविसंमेलन असो की मुशायरा, एक समजूत मला सगळीकडे भेटते. आवाजात दर्द यायचा, तर पोटात थोडी दारू हवी! कुंदनलाल सैगल यांच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची हकीगत अशा मित्रांना मी नेहमी ऐकवतो.

गाणे आपल्या ओळखीचे आहे : ‘जब दिल ही टूट गया’. १९४६ सालच्या, ए. आर. कारदार यांच्या ‘शाहजहान’ चित्रपटातले. संगीत नौशाद यांचे, शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे. मुशायरे गाजवणाऱ्या मजरूह यांचे चित्रपटगीतलेखन याच चित्रपटापासून सुरू झाले. मुखड्यात त्यांनी एकही जड शब्द घातला नाही. थकलेला माणूस घरात स्वतःशीच पुटपुटेल, तसा साधा प्रश्न ठेवला. असा प्रश्न हुंदके देत विचारला तर नाटकी वाटतो, हळू आवाजात विचारला की काळजाला भिडतो.

हळू आवाजाची ही मुभा मायक्रोफोनने दिली. जुन्या संगीत नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत गळा पोचवावा लागे. सैगल मायक्रोफोनसमोर कानाशी बोलावे तसे गात. पण हे यंत्र मोठे चोखंदळ. अडखळलेला श्वास, जड झालेली जीभ, किंचित ढळलेला सूर, सारे टिपते. शिवाय त्या काळी गायक आणि वादक एकदमच ध्वनिमुद्रण करीत. कुणी चुकले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्याल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही, असे सैगल यांना वाटे. नौशाद यांनी गळ घातली : एकदा न पिता गा, मग हवे तर पिऊन गा. दोन्ही मुद्रणे झाली, सैगल यांनी ती ऐकली आणि पसंत केले ते न पिता गायलेले. तुम्ही मला आधी का भेटला नाहीत, असे ते म्हणाल्याची आठवण नौशाद सांगत.

खरोखरच उशीर झाला होता. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला सैगल गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ होते. आपल्या अंत्ययात्रेत हेच गाणे वाजावे, अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात.

दारू सोडा, असे त्यांना अनेकांनी विनवले असेल. पण इथे निवाडा त्यांच्याच कानाने दिला, म्हणून मला ही हकीगत मोलाची वाटते. दुःखात माणूस बेभान होतो. ते दुसऱ्याला सांगायला बसला, की मात्र शब्द आणि सूर दोन्ही शुद्धीवर लागतात.